विश्लेषण : पर्यटकांची गर्दी, पण गाव आटतेय... माथेरानची लोकसंख्या का घटली?

मुंबईपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेले माथेरान शनिवार-रविवारी पर्यटकांनी ओसंडून वाहते. मात्र याच गावात कायम राहणाऱ्यांची संख्या २००१ ते २०११ या दशकात कमी झाली. हातरिक्षा बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि येऊ घातलेली जनगणना या पार्श्वभूमीवर या छोट्या शहराचे जगणे नेमके कसे आहे, याचा हा आढावा.

माथेरान हे गाव की शहर?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण हेरले आणि पुढे ते मुंबईकरांचे हवा खाण्याचे गाव झाले. जनगणनेच्या व्याख्येनुसार एखाद्या वस्तीला शहर म्हणायचे तर तेथे किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० जणांची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असावे लागतात. मात्र जेथे नगरपरिषद किंवा महापालिका आहे, ती वस्ती या अटींशिवायही शहरच मानली जाते. माथेरानला गिरिस्थान नगरपरिषद आहे. त्यामुळे लोकसंख्या पाच हजारांच्या खाली असूनही सरकारदरबारी ते शहर आहे. राज्यातील सर्वांत लहान नगरपरिषदांमध्ये त्याची गणना होते.

आकडे काय सांगतात?

२००१ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती. २०११ मध्ये ती ४,३९३ झाली. म्हणजे दहा वर्षांत ७४६ माणसे, सुमारे साडेचौदा टक्के, कमी झाली. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली होती.

दुसरा आकडा स्त्री-पुरुष प्रमाणाचा. २००१ मध्ये माथेरानच्या लोकसंख्येत पुरुष ५८ टक्के आणि स्त्रिया ४२ टक्के होत्या. म्हणजे हजार पुरुषांमागे सुमारे सव्वासातशे स्त्रिया. तेव्हा राज्याचे प्रमाण ९२२ होते. इतकी तफावत केवळ मुलींच्या जन्मदराने येत नाही. हॉटेलांत काम करणारे, घोडे सांभाळणारे, हातरिक्षा ओढणारे अनेक पुरुष कुटुंब खाली किंवा मूळ गावी ठेवून येथे राहतात, असा त्याचा अर्थ निघतो. रोजगार आहे, पण संसार थाटणे परवडत नाही, ही माथेरानची जुनी अडचण या आकड्यात दिसते.

वाहनबंदीची किंमत कोण मोजतो?

माथेरानचे वेगळेपण मोटारबंदीत आहे. नेरळहून घाटाने येणारी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ सुमारे तीन किलोमीटर. हे अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षाने, ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल रेल्वेने कापायचे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनाचा अपवाद. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि या बंदीला आणखी बळ मिळाले. डोंगरमाथ्यावरचे जंगल टिकले, याचे मोठे श्रेय या निर्बंधांना जाते, हे नाकारता येत नाही.

पण पर्यटकाला जी शांतता दोन दिवस हवीहवीशी वाटते, तिचा खर्च स्थानिकांना बारा महिने सोसावा लागतो. तांदळाचे पोते, गॅसची टाकी, दुधाचा कॅन, घरासाठीचे सिमेंट हे सारे दस्तुरीपर्यंत गाडीने येते आणि तेथून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर चढते. प्रत्येक वस्तूवर त्या शेवटच्या तीन किलोमीटरची हमाली बसते. त्यामुळे नेरळच्या बाजारात मिळणारी तीच वस्तू माथेरानमध्ये महाग पडते. ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया, अपंग व्यक्ती यांना साध्या कामासाठी खाली उतरायचे तरी आधी दस्तुरी गाठण्याची तजवीज करावी लागते.

मिनी ट्रेनचा आधार किती?

नेरळ-माथेरान ही सुमारे २१ किलोमीटरची, दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. गावासाठी ती केवळ पर्यटनाची गंमत नव्हती, तर ये-जा करण्याचा स्वस्त मार्ग होता. पण २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला आणि २००७ पर्यंत गाडी बंद राहिली. डबे घसरण्याच्या घटनांमुळे मे २०१६ मध्ये ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाळ्यात रूळ वाहून गेल्यावर संपूर्ण मार्गावरील सेवा ऑक्टोबर २०२२ मध्येच पूर्ववत झाली. मधल्या काळात आणि पावसाळ्यातही मुख्य भिस्त राहते ती अमन लॉज-माथेरान शटलवर. म्हणजे नेरळचा घाट टॅक्सीने आणि उरलेला टप्पा गाडीने किंवा पायी. रोज खाली नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्याच्या खिशाला हे जड जाते.

घर, पाणी, शिक्षण यांचे काय?

माथेरानमधील अनेक मोठे भूखंड ब्रिटिश काळापासून भाडेपट्ट्यावर आहेत. त्यांवर बंगले आणि हॉटेले उभी राहिली. सामान्य रहिवाशांची वस्ती मात्र बाजारपेठेच्या आसपास दाटीवाटीने वसली. संवेदनशील क्षेत्राच्या नियमांमुळे नवे बांधकाम, वाढीव मजला, झाड तोडणे या सगळ्यावर कडक मर्यादा आहेत. कुटुंब वाढले, मुलांची लग्ने झाली की वेगळे घर कोठे करायचे, हा प्रश्न येतो. काहींनी परवानगीविना खोल्या वाढवल्या. २००३ नंतरच्या अशा बांधकामांचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि काहींवर हातोडाही पडला. ज्यांना हा धोका पत्करायचा नाही, ते नेरळला घर घेतात. लोकसंख्या घटण्यामागे हे एक मोठे कारण मानता येते.

पाण्याचेही तसेच. शार्लोट तलाव ही गावाची जुनी सोय. पण वाढत्या गरजेला तो पुरत नाही, म्हणून उल्हास नदीचे पाणी पायथ्याकडून टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवावे लागते. वीज गेली की पाणीपुरवठ्यावर परिणाम होतो. जेथे धो धो पाऊस कोसळतो, तेथेच उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, कारण अरुंद पठारावरून पाणी झपाट्याने वाहून जाते. पदवीच्या शिक्षणासाठी मुलांना डोंगर उतरावा लागतो आणि गंभीर रुग्णालाही खालीच हलवावे लागते. शिकायला गेलेली मुले बहुधा तिकडेच नोकरी शोधतात.

गाव कशावर जगते?

जवळपास सर्व रोजगार पर्यटनाशी बांधलेला आहे. हॉटेल, खानावळ, चपला-चिक्कीची दुकाने, घोडे, हमाली, हातरिक्षा. हंगाम म्हणजे उन्हाळी सुट्टी, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार. पावसाळ्यात धंदा मंदावतो. याखेरीज डोंगराच्या उतारावर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. तेथील स्त्री-पुरुष रोज पायवाटेने वर येतात, पर्यटकांच्या बॅगा डोक्यावर वाहतात, भाजी, रानमेवा विकतात आणि संध्याकाळी परततात. माथेरान त्यांच्या कष्टावर चालते, पण ते माथेरानच्या लोकसंख्येत मोजले जात नाहीत.

हातरिक्षांबाबत न्यायालय काय म्हणाले?

माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा माथेरानमध्ये आजवर टिकली. परवानाधारक हातरिक्षांची संख्या ९४. चढावर एक जण ओढतो, दोन-तीन जण मागून ढकलतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा धावू लागल्या. शाळकरी मुले आणि ज्येष्ठांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. पुढे ई-रिक्षांची मर्यादा २० करण्यात आली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात असल्याचे सांगताना न्यायालयाने पंजाबमधील सायकलरिक्षाचालकांबाबतच्या १९८० च्या आपल्याच निकालाची आठवण करून दिली. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर राज्य सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाडेतत्त्वावर द्याव्यात, उरलेल्या आदिवासी महिला आणि इतर गरजूंना द्याव्यात आणि निधी नाही ही सबब पुढे करू नये, असेही न्यायालयाने बजावले. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराज पुतळा या मार्गावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली. अंतर्गत रस्ते आणि जंगलवाटांवर मात्र नाही.

मग वाद कशाचा?

पहिला प्रश्न घोडेवाल्यांचा. चारशेहून अधिक घोड्यांवर अनेक कुटुंबांची गुजराण होते. ई-रिक्षा वाढल्या तर आपले गिऱ्हाईक जाईल, अशी त्यांची भीती आहे आणि ती निराधार नाही. दुसरा प्रश्न रस्त्यांचा. जांभ्याच्या लाल मातीच्या वाटा पावसात वाहून जातात, तर उन्हाळ्यात धुळीने श्वसनाचा त्रास होतो. ब्लॉकमुळे धूप थांबते, पण त्यावर घोडे घसरतात आणि उद्या मोटारींना वाट मोकळी होईल, असा आक्षेप घेतला जातो. तिसरा प्रश्न परवान्याचा. परवाना एकाच्या नावे आणि रिक्षा ओढणारे दुसरेच असतील, तर ई-रिक्षा कोणाला मिळणार? न्यायालयाने 'खरे चालक' शोधण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील सनियंत्रण समितीवर सोपवली, ती यासाठीच.

जनगणनेकडे लक्ष का?

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. नव्या जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान आणि प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये नियोजित असून, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. तोपर्यंत माथेरानचे नियोजन २०११ च्या ४,३९३ या आकड्यावरच टेकलेले राहणार. मात्र पाणी, कचरा, शौचालये, दवाखाना यांवरचा ताण ठरतो तो सुट्टीच्या दिवशी डोंगरावर असलेल्या माणसांवरून, आणि ती संख्या रहिवाशांपेक्षा अनेकदा जास्त असते. नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवासी कर घेते, पण सुविधांचे निकष मात्र रहिवाशांच्या संख्येवर ठरतात.

जनगणनेत लोकसंख्या आणखी घटलेली दिसली, तर 'एवढ्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला' असा सूर निघू शकतो. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. जंगल राखण्याचे निर्बंध पाळून जे लोक तेथे राहतात, त्यांना परवडणारी वाहतूक, घर आणि पाणी मिळाले नाही, तर डोंगरावर हॉटेले उरतील आणि त्यांत काम करणारी, कुटुंबापासून दूर राहणारी माणसे. हातरिक्षाचालकाच्या हाती ई-रिक्षा खरोखर आली का आणि त्याचे कुटुंब माथेरानमध्ये राहू शकले का, यावरच हा बदल यशस्वी झाला की नाही, हे ठरेल.