भेटीची वेळ आणि रात्रपाळी

पुण्या-मुंबईच्या उपनगरांत, आणि आता नाशिक-नागपुरातही, भाड्याच्या बंगल्यांतून वृद्धांच्या शुश्रूषेचा एक व्यवसाय चांगलाच फोफावला आहे. त्याचे चालक आपल्या जागेस वृद्धाश्रम म्हणवून घेत नाहीत. तो शब्द त्यांनी निर्धनांसाठी सोडून दिला आहे. पक्षाघाताने एक अंग गेलेले, स्मृतिभ्रंशाने स्वतःचे नाव विसरलेले, मांडीचे हाड मोडून अंथरुणास खिळलेले असे पंधरा-वीस वृद्ध तेथे असतात. महिन्याकाठी वीस-तीस हजार रुपये आकारले जातात. डायपर आणि औषधे यांचा खर्च निराळा. येथील शुश्रूषेच्या दर्जाची हमी कोण देणार, असे विचारले की उत्तर तयार असते : प्रत्यक्ष येऊन पाहा, खात्री करून घ्या आणि मगच ठरवा.

हे उत्तर सौजन्याचे वाटते. वस्तुतः ते जबाबदारी झटकण्याचे उत्तर आहे, आणि ती झटकण्यात चालकांच्या बरोबरीने शासनही सामील आहे. जी तपासणी सार्वजनिक यंत्रणेने करावयाची, ती रविवारी दोन तासांसाठी येणाऱ्या मुलीच्या माथी मारण्यात आली आहे. तिने पाहिले, तिने पसंत केले, तिने पैसे भरले. पुढे काही बरेवाईट घडले तर निवड तिचीच होती! ग्राहकाला राजा म्हणवून त्याच्याच गळ्यात अपराधाचे लोढणे अडकविण्याची ही बाजाराची जुनी हातोटी आहे.

ती मुलगी पाहते तरी काय? फरशी स्वच्छ आहे, फिनाइलचा वास आहे, चादरी धुतलेल्या आहेत. दिवाणखान्यात गणपतीची तसबीर आहे. आईचे केस विंचरलेले आहेत, कपाळी टिकली आहे. महिन्यातून एकदा भजन होते, वाढदिवसाला केक कापला जातो आणि त्याची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून अमेरिकेतल्या मुलापर्यंत त्याच रात्री पोहोचतात. यातील एकही गोष्ट खोटी असेलच असे नाही. पण ही सारी भेटीच्या वेळेतील दृश्ये आहेत, आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाचे भवितव्य ठरते ते भेटीची वेळ संपल्यानंतर.

यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही, शाळकरी गणित पुरते. स्वतःहून हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, अन्यथा माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर शय्याव्रणे होतात, हे परिचारिकांना पहिल्याच वर्षी शिकविले जाते. आता वीस खाटांच्या बंगल्यात रात्री एकच मावशी आहे असे धरा. एका वृद्धाची कूस बदलणे, डायपर पाहणे, ओला असल्यास पुसून नवा बांधणे यास दहा मिनिटे लागतात, असे अगदी हात राखून मानले तरी वीस जणांची एक फेरी पुरी होण्यास दोनशे मिनिटे हवीत. म्हणजे तीन तास वीस मिनिटे. दोन तासांत ती कशी व्हावी? मावशी देवता असली तरी होणार नाही. मग ती काय करते? ओरडणाऱ्याकडे आधी जाते आणि गप्प पडलेल्याकडे पहाटे. जखम होते ती गप्प पडलेल्याला.

जेवणाचेही तेच. ज्याला भरवावे लागते अशा एका वृद्धास अर्धा तास सहज लागतो. भरविणारे हात दोन आणि भरवून घेणारी तोंडे आठ असली की घास घाईने कोंबले जातात, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत उतरते. किंवा मग सोयीसाठी नाकातून नळी घातली जाते. सायंकाळनंतर पाणी बेताने द्यायचे म्हणजे डायपर कोरडा राहतो, हीदेखील अशीच एक युक्ती. तिची किंमत मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि वाढत्या भ्रमाने वृद्धच मोजतात. नातेवाइकांना सांगितले जाते, आता वयच झाले.

म्हणून शुश्रूषेचा दर्जा हा मायेचा प्रश्न आहे असे मानणे हीच मुळात फसगत आहे. माया लागतेच. पण मायेला हात लागतात आणि हातांना वेतन द्यावे लागते. या व्यवसायातील सर्वांत मोठा खर्च मनुष्यबळाचा असल्यामुळे नफ्याची सोपी वाट नेहमी तेथूनच जाते. केबिनमधील सोफ्यात काटकसर केली तर नातेवाइकांना दिसते; रात्रपाळीची एक मावशी कमी केली तर दिसत नाही. जे दिसत नाही तेथेच काटछाट होते, हा काही कुणा एका चालकाच्या दुष्टपणाचा पुरावा नव्हे. चांगल्या मनाने केंद्र सुरू करणारी माणसेही शेजारच्या बंगल्याचा दर पाहूनच आपला दर लावतात.

आणि ही मावशी कोण? बहुधा मराठवाड्यातून, विदर्भातून वा कोकणातून आलेली, नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा, ब्यूरोमार्फत लागलेली बाई. बारा तासांची पाळी म्हणून आलेली असते आणि बदली न आल्यास चोवीस तास थांबते. झोपते वृद्धांच्याच खोलीत, दोन खाटांमधल्या सतरंजीवर. तिच्या पगारातून ब्यूरोचे कमिशन जाते; रजा, विमा, प्रशिक्षण यांचे नाव नाही. चार महिन्यांनी ती दुसरीकडे जाते. आजी उजव्या बाजूला झोपली की रडते, आजोबांना ताक दिले तरच गोळी गिळतात, हे तिला नुकतेच कळू लागलेले असते. तिच्याबरोबर तेही ज्ञान दाराबाहेर जाते.

अलीकडे सीसीटीव्हीचा मोठा गाजावाजा आहे. परदेशातील मुलास आपली आई चोवीस तास दिसेल, असे आश्वासन जाहिरातीत असते. त्या कॅमेऱ्यात मावशीने केलेला हेंगाडेपणा टिपला जातो, तिने मारलेली हाक, झटकलेला हात. तो दोष आहेच, त्यास क्षमा नाही. पण जी दुसरी मावशी नेमलीच गेली नाही, तिची अनुपस्थिती कॅमेऱ्यात दिसत नाही. ध्वनिचित्रफीत पसरते, लोक हळहळतात, मावशीला काढून टाकतात, प्रसंगी पोलिसांत देतात. चालक खेद व्यक्त करून ब्यूरोकडून नवी मावशी मागवितो. असा निवाडा करणारे कुटुंब नकळत मालकाच्या बाजूने उभे राहिलेले असते आणि आपल्या आईच्या सर्वांत जवळच्या माणसाविरुद्ध लढत असते.

कुटुंब तक्रार तरी मोकळेपणाने करू शकते काय? आपण घरी परतल्यावर आईवर राग काढला जाईल ही भीती त्याला असते. पटत नसेल तर घेऊन जा, हे शब्द कोणी उच्चारले नाहीत तरी हवेत असतात. घेऊन जायचे कोठे? अनामत रक्कम अडकलेली, घरी माणूस नाही, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या भ्रमिष्ट माणसाला एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत टाकणे म्हणजे वाण्याचे दुकान बदलणे नव्हे. ज्या बाजारात ग्राहक दुकान सोडू शकत नाही, त्या बाजारात त्याची पसंती ही केवळ पावतीवरची सही उरते.

यावर बाजाराच्या भाविकांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतील, माहितीची उणीव आहे. केंद्रांची गुणवारी लावा, माहिती लोकांपुढे ठेवा, ग्राहक शहाणा झाला की दर्जा आपोआप सुधारेल. हा प्रयोग नवा नाही. बाजाराच्या काशीत, अमेरिकेतच, तो मोठ्या प्रमाणावर झालेला आहे आणि त्याचा निकाल कोणालाही पाहता येतो.

अमेरिकेत १९८७ साली वृद्ध शुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कायदा झाला. तो बराच चांगला होता. आधी न कळविता तपासणी करण्याची तरतूद त्यात होती, वृद्धांस बांधून ठेवण्यास आळा होता, निवासींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना संघटित होऊन सभा घेण्याचा हक्क होता. पुढे २००८ च्या डिसेंबरपासून तेथील सरकारने प्रत्येक शुश्रूषागृहास एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. हेतू हाच की कुटुंबाला एका दृष्टिक्षेपात निवड करता यावी. पण तारे तीन गोष्टींवर ठरत : तपासणी, मनुष्यबळ आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निर्देशांक. यांपैकी शेवटच्या दोहोंची माहिती शुश्रूषागृहे स्वतःच पुरवीत असत. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, असा हा न्याय! पुढे मनुष्यबळाची माहिती प्रत्यक्ष वेतनपत्रकांवरून घेण्यास प्रारंभ झाला, तेव्हा २०१८ साली सुमारे चौदाशे शुश्रूषागृहांचे, म्हणजे साधारण अकरांतील एकाचे, मनुष्यबळाचे तारे एका झटक्यात उतरवावे लागले. शनिवार-रविवारी कर्मचारी कमी असतात हेही त्याच पत्रकांनी उघड केले.

याहून विदारक उदाहरण औषधांचे आहे. भ्रमिष्ट वृद्धांस गप्प ठेवण्यासाठी मनोविकारावरील तीव्र औषधे देण्याची खोड मोडावी म्हणून त्या औषधांचे प्रमाण गुणवारीत मोजले जाऊ लागले. मात्र स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्या मोजणीतून वगळले होते. परिणाम असा की त्या आजाराचे निदान सोयीस्करपणे वाढू लागले, आणि २०२३ मध्ये सरकारला अशा संशयास्पद निदानांची वेगळी पडताळणी जाहीर करावी लागली. भेटीस आलेल्या मुलाला काय दिसले असेल? आई शांत झोपली आहे. तो समाधानाने परत गेला असेल.

त्या देशात नेमका कोणता उपाय झाला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. दर निवासीमागे दररोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा मिळालीच पाहिजे, असा नियम २०२४ साली केंद्र सरकारने केला. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द ठरविल्या, आणि त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्याने त्यांची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखून धरली. ताऱ्यांना मालकांनी एवढा विरोध कधी केला नव्हता. तारे परवडतात, मावश्या परवडत नाहीत.

महाराष्ट्राने यातून काय घेतले? येथे तर ताऱ्यांचेही नाव नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रात सुमारे एक कोटी अकरा लाख. त्यांच्यासाठी २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार ‘स्थापन करू शकेल’ असे म्हटले आहे. करील असे नव्हे, करू शकेल! मुलांना मात्र तो कायदा अशी सवलत देत नाही. त्यांनी निर्वाहखर्च दिला नाही तर तुरुंगापर्यंत तरतूद आहे. कर्तव्य कुटुंबाचे आणि मर्जी सरकारची, अशी ही वाटणी आहे. कृतघ्न मुलांवर व्याख्याने झोडणाऱ्या संस्कृतिरक्षकांना या वाटणीत काही वावगे दिसत नाही.

खासगी शुश्रूषाकेंद्रांची सक्तीने नोंदणी व्हावी, त्यांना किमान मानके लागू व्हावीत, अशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक व्यपगत झाले. त्याच सभागृहाने या काळात किती विधेयके तासा-दोन तासांत हातावेगळी केली, हे कार्यकर्त्यांना आठवत असेल.

तथापि नव्या कायद्याची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. सामान्यतः तो खासगी इस्पितळांचा कायदा समजला जातो. पण त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर अशक्त, पंगू माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागाही येतात. नाकात नळी आणि मूत्रमार्गात दुसरी नळी असलेल्या माणसाला जेथे महिनोन्महिने ठेवले जाते, ती जागा शुश्रूषागृह नाही तर काय धर्मशाळा आहे? चालक म्हणतात, आम्ही इस्पितळ नव्हे, हे तर घर आहे. नातेवाइकांपुढे मात्र हेच घर चोवीस तास परिचारिका असल्याचे सांगते.

येथे कुटुंबाला बाजूला सारावे असे मुळीच नाही. आईच्या डोळ्यांतील भीती जशी मुलीला कळते तशी ती कोणत्याही निरीक्षकाला कळणार नाही. पण त्या एकट्या मुलीचे कळणे जोवर एकटेच राहते तोवर ते केवळ दुःख असते. त्याच बंगल्यात येणारी पंधरा कुटुंबे एकमेकांची नावेही जाणत नाहीत. व्हॉट्सअॅप गट असतो तो चालकाने काढलेला. त्या कुटुंबांची स्वतःची समिती हवी, तिच्या बैठकीत मावश्यांना बोलावले पाहिजे, आणि बोलल्याबद्दल कोणाची नोकरी जाणार नाही याची हमी त्या कुटुंबांनीच मागितली पाहिजे. रात्री किती खाटांमागे किती मावश्या, त्यांचा पगार किती, मागच्या वर्षात किती जणी सोडून गेल्या, आज कितीजणांना शय्याव्रणे आहेत, हे दर्शनी भागात फळ्यावर लिहिण्याची मागणी करावी. जो चालक हा फळा लावण्यास नकार देतो, त्याच्या फरशीच्या चकाकीचे कौतुक करण्याचे कारण नाही.

आणि पालिकांत, जिल्हा परिषदांत जे सदस्य पक्षाचे वा मित्रपक्षांचे आहेत, त्यांनी पुढच्याच सभेत आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावे : हद्दीतील अशा किती केंद्रांची १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी आहे, कितींची नाही, आणि गेल्या वर्षभरात त्यांपैकी एकाही केंद्राची तपासणी रात्री दहानंतर झाली आहे काय?