चिकटलेले अक्षर
धावत्या एसटीच्या पाठीवर नसलेली पाटी चित्रफितीत कशी चिकटवतात, हे माझ्या भाच्याने परवा मला दाखविले. संगणक पृष्ठभागावरील ठळक खुणा हेरतो आणि फ्रेममागून फ्रेम त्यांचा माग काढतो. ल्यूकस व कानाडे यांनी १९८१ साली मांडलेली रीत त्यासाठी वापरतात. चार कोपरे सापडले, की पाटी गाडीबरोबर वळते, तिरकी होते, लहान होते. कोऱ्या, गुळगुळीत भिंतीवर मात्र यंत्र चाचपडते.

मौज वाटली, तशी धास्तीही. ‘डोळ्यांनी पाहिले’ ही आपली शेवटची साक्ष! उद्या कुणाच्या हातातील फलकावर त्याने न लिहिलेले शब्द असेच डोलतील. तेव्हा वाचकहो, अक्षर घट्ट चिकटले म्हणून खरे मानू नका. लिहिणारा कोण, ते आधी विचारा.