प्रतिभा आणि तिचा खर्च

टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे जून २०२२ मध्ये झालेल्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेचे सुवर्णपदक यूनचान लिम या अठरा वर्षांच्या कोरियन युवकाने पटकावले. या स्पर्धेच्या साठ वर्षांच्या इतिहासातील तो सर्वांत लहान विजेता. अंतिम फेरीत त्याने वाजविलेल्या राखमानिनॉव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोने त्याचे नाव जगभर पोचविले. अशा यशाला 'ईश्वरी देणगी' म्हणून आपण मोकळे होतो. परंतु देणगी ईश्वराची असली, तरी तिची निगा राखण्याचा खर्च कोणी उचलला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

१९६१ मध्ये कुनवू पाईक या पंधरा वर्षांच्या मुलाला पियानोच्या उच्च शिक्षणासाठी सोल सोडून न्यूयॉर्क गाठावे लागले. युद्धाने होरपळलेल्या त्या देशाचे दरडोई उत्पन्न तेव्हा जेमतेम शंभर डॉलरच्या घरात होते. लिमची कथा निराळी आहे. सातव्या वर्षी घराजवळच्या साध्या शिकवणीत त्याने आरंभ केला. पुढे शासनाच्या कलाप्रशिक्षण संस्थेने त्याला निवडले आणि १९९० च्या दशकारंभी उभारलेल्या राष्ट्रीय कला विद्यापीठात तो शिकला. त्याचे गुरू मिनसू सोन अमेरिकेत शिकून मायदेशी परतलेले. सुवर्णपदक मिळाले, तेव्हा हा विद्यार्थी कोरियातच शिकत होता.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नव्हे. ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या दोन क्रमांकांत येणाऱ्यांना तेथे प्रत्यक्ष सैन्यसेवेतून सूट मिळते. साहजिकच कलेचे मोजमाप पदकांनी होऊ लागते. शिवाय २०२३ मध्ये गुरू बॉस्टनला गेले आणि पाठोपाठ शिष्यही गेला. मग सार्वजनिक पैसा वाया गेला काय?

तसे म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही. व्यक्ती देश सोडू शकते. विद्यापीठ आणि अध्यापनाची परंपरा मागे राहते आणि पुढच्या मुलाच्या उपयोगी पडते. पाईक यांना पंधराव्या वर्षी जो सागर ओलांडावा लागला, तो ओलांडणे आज कोरियन मुलाच्या इच्छेवर अवलंबून आहे, नाइलाजावर नव्हे. प्रतिभा कोणत्या घरी जन्मेल हे शासनाच्या हाती नसते. ती दाराशी येईल तेव्हा दार उघडे असावे, एवढे मात्र निश्चितच असते.