मी पडलो त्याची गोष्ट

दिवाळी अंकातल्या या पानावर दर वर्षी मी काहीतरी हसतखेळत लिहावे अशी वाचकांची अपेक्षा असते. चकली का बिघडते येथपासून लांबलेल्या पाहुण्यांना निरोप कसा द्यावा येथपर्यंत बरेच लिहून झाले. यंदाचा विषय जरा निराळा आहे. यंदा मी पडलो त्याविषयी लिहिणार आहे. निवडणुकीत नव्हे, जमिनीवर. आणि एकदा नव्हे, तीनदा.

पण पडण्याच्या आधी ऑपरेशन झाले, आणि ऑपरेशनच्या आधी सदऱ्याच्या गुंड्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांना गुंड्या लावता येईनात. वयाचा दोष म्हणून मी गप्प बसलो. मग बँकेने सही जुळत नाही म्हणून माझा चेक परत पाठवला. त्यावरही मी बँकेलाच नावे ठेवली. शेवटी एके दिवशी भाजी घेऊन घरी आलो, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमची एक चप्पल कुठे आहे?" खाली पाहतो तो डावा पाय अनवाणी! चप्पल वाटेत कुठेतरी निसटली होती आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. सगळे हसले. मीही हसलो. पुढे डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते मात्र हसले नाहीत.

मानेच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. वयोमानाप्रमाणे मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, हाडांना कंगोरे फुटतात, आतली वाट अरुंद होते आणि मज्जारज्जू चेपला जातो. दुखणे मानेत, पण तक्रार हातांची आणि पायांची. माझी मान तर फारशी दुखतही नव्हती. एम.आर.आय. झाला, आणि गेल्या वर्षी श्रावणात ऑपरेशन झाले. मणक्याच्या मागच्या कमानी एका बाजूने कापून, दार किलकिले करावे तशा उघडून ठेवतात. ही युक्ती १९७० च्या दशकात जपानी शल्यवैद्यांनी बसवली. ऑपरेशनपूर्वी डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "हे पुढे बिघडू नये म्हणून करतो आहोत. जे गेले आहे ते जितके परत येईल तितके येईल." आम्ही घरी येऊन नातेवाइकांना काय सांगितले? तर आता खडखडीत बरे होणार! डॉक्टर बोलतात एक आणि घराला ऐकू येते भलतेच.

पहिल्यांदा पडलो तो सातव्या आठवड्यात. सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि एकदम जमीन कलली. जवळच धुण्याची बादली होती म्हणून तिच्यावर आडवा झालो. लागले काहीच नाही, पण घरात जो हलकल्लोळ झाला! मानेतल्या पट्ट्या निखळल्या असतील, स्क्रू ढिले झाले असतील, असे एकाहून एक भयंकर तर्क निघाले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की सगळे जागच्या जागी आहे. मात्र त्यांनी एक गोष्ट बजावली, ती इथे मुद्दाम नोंदवतो. पडल्यानंतर हातापायांत नवी बधिरता किंवा नवा अशक्तपणा आला, मान असह्य दुखू लागली, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, डोक्याला मार बसला, किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागले, तर उद्यापर्यंत थांबायचे नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

दुसऱ्यांदा रात्री दिवे गेले असताना पडलो. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

तिसरी गोष्ट मात्र वेगळी. ऑपरेशनला चार महिने होत आले होते. सौ. देवळात गेली होती, मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. गॅलरीत तुळशीला पाणी घालायला गेलो आणि ओल्या फरशीवर बसकण मारली. अगदी हळूच. साधे खरचटलेही नाही. पण उठता येईना! हात टेकून पाहिले, कठड्याला धरून पाहिले. पाय जणू दुसऱ्याचेच. मोबाइल दिवाणखान्यात टेबलावर. तो वाजला. थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला कळले की ही सौ.च आहे. मी ओरडत होतो, पण आमच्या डोंबिवलीत दुपारी कुणाच्या ओरडण्याकडे कोण लक्ष देतो? पाऊण तास मी तुळशीकडे बघत बसलो. मग दार उघडले. धापा टाकत सौ. गॅलरीच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहावयास आली. मुलाने माझ्या उशाशी घंटा बांधली. सूनबाईने पायपुसणी आणि जाजमे गुंडाळून माळ्यावर टाकली (हे चांगलेच केले, पायपुसण्याइतकी दगाबाज वस्तू घरात दुसरी नसेल). न्हाणीघराची कडी लावायची मला बंदी झाली. आणि मी स्वतः काय केले? खुर्ची धरली. पडू नये म्हणून बसलो. खाली जाणे बंद, वाचनालय बंद, गॅलरी तर वर्ज्यच. घरात चाललो तर भिंत धरून, नजर फरशीला खिळवून, शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या उतराव्या तसा. दोन महिन्यांत मांड्या अशा वाळल्या की पायजम्याची नाडी दोन वेढे जास्त घेऊ लागली. पडण्याच्या भीतीने बसलो, आणि बसून बसून पडण्याचीच तयारी करीत होतो. पण हे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी त्याच्यावर खेकसलो असतो.

सांगितले ते व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला पाय जुळवून उभे केले, दोन्ही बाजूंना हात धरून स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, आता डोळे मिटा." मिटले, आणि तत्क्षणी झुललो. त्या म्हणाल्या, "बेसिनपाशी तुम्ही का पडलात ते कळले ना?" ही परीक्षा एकोणिसाव्या शतकातले बर्लिनचे डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. माणूस तोल सांभाळतो तो तिघांच्या जोरावर: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपायांतून व सांध्यांतून मज्जारज्जूवाटे मेंदूकडे जाणारी खबर. माझी तिसरी तार चेपली गेली होती आणि अजून पुरती जुळली नव्हती. म्हणून सगळा भार डोळ्यांवर. डोळे मिटले किंवा दिवे गेले की काका आडवे! इतके दिवस मला वाटत होते की मी केव्हाही, कुठेही पडू शकतो. आता समजले की माझे पडणे ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी होत असते. एवढ्याने निम्मी धास्ती उतरली. तेव्हापासून मी तोंड धुतो ते स्टुलावर बसून. रात्री वाटेवर छोटा दिवा जळतो आणि उशाशी विजेरी असते.

त्याच बाईंनी एक कागद दिला. मेरी टिनेटी या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दहा प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिचा तो तर्जुमा. अंघोळ, कपडे घालणे, फडताळातली वस्तू काढणे, दार उघडायला जाणे, किरकोळ खरेदी, अशी दहा साधी कामे. न पडता हे जमेल याची किती खात्री वाटते, त्याला एक ते दहा गुण. पुरी खात्री असेल तर एक, मुळीच नसेल तर दहा. मी कागद भरला. बेरीज झाली छप्पन्न. बाईंनी तसाच दुसरा कागद सौ.पुढे ठेवला. "काकू, काकांना हे जमेल असे तुम्हाला किती वाटते, ते तुम्ही लिहा." तिची बेरीज आली अठ्ठ्याऐंशी!

मला राग आला. म्हटले, "अगं, मी काय तान्हे मूल आहे? खुर्चीवरून उठायलासुद्धा तू आठ दिलेस?"

ती म्हणाली, "अहो, तुम्ही तीनदा पडलात. मी रोज रात्री तीनदा उठून बघते."

मला हे ठाऊक नव्हते. भजनाचे मंडळ तिने सोडले होते, ते गुडघ्यांमुळे असे मला सांगितले होते. भाऊबीजेला ती सांगलीला भावाकडे गेली नव्हती. ऑपरेशन ताजे होते म्हणून, असे मी समजत होतो. पण पुढे पौषात भाची बाळंत झाली तेव्हाही गेली नाही. घरात घाबरलेला माणूस मी एकटाच, अशी माझी समजूत. खरा हिशेब त्या दुसऱ्या कागदावर होता.

बाई म्हणाल्या, "पडणार नाही याची हमी मी कुणालाच देत नाही. पण पडल्यावर उठायचे कसे, ते दोघांनाही शिकवते." सहा महिने उलटले होते, डॉक्टरांची परवानगी घेतली आणि धडे सुरू झाले. शाळेत धडा पहिल्या ओळीपासून शिकवतात, इथे शेवटून. आधी नुसते खुर्चीवर हात टेकून उठणे. ते जमले की एक गुडघा जमिनीवर. मग दोन्ही गुडघे, मग ओणवे, आणि सर्वांत शेवटी सतरंजीवर पुरते आडवे. चाळीस वर्षांचा होईपर्यंत मी रोज पाटावर बसून जेवलो. त्या जमिनीशी पुन्हा ओळख करून घ्यायला मला पाच आठवडे लागले.

पडल्यावर लगेच धडपडायचे नाही, हा पहिला नियम. चार श्वास घ्यायचे, हातपाय हलतात का पाहायचे. मान फार दुखत असेल किंवा एखादा पाय हलत नसेल तर जागचे हलायचे नाही, हाका मारायच्या. सगळे ठीक असेल तर कुशीवर वळायचे, कोपरावर भार, मग तळहातांवर, मग ओणवे होऊन रांगत जड खुर्चीपर्यंत जायचे. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, त्यातल्या त्यात बळकट पाय पुढे रोवायचा, उठायचे, वळायचे आणि बसायचे. मोबाइल सदैव खिशात. तुळशीला पाणी घालतानासुद्धा.

सौ.चा धडा वेगळा होता. बगलेत हात घालून मला ओढायचे नाही, कारण त्यात माझा खांदा आणि तिची कंबर दोन्ही जायची. एक खुर्ची माझ्यापुढे आणून ठेवायची, दुसरी मागे, आणि तोंडाने सांगत राहायचे. सांगत राहण्याचे काम तिला फारच चांगले जमले. एकदा मला दाखवायला म्हणून ती स्वतः सतरंजीवर बसली आणि तिलाच उठता येईना! मग मी दोन खुर्च्या आणल्या. त्या संध्याकाळी आम्ही पुष्कळ दिवसांनी एकत्र हसलो.

व्यायाम अजून चालू आहेत. ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, रेषेवरून चालणे. घरी राहणाऱ्या वयस्क माणसांच्या पडण्याचे प्रमाण व्यायामाने सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे २०१९ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन सांगण्यात आले. ती माणसे माझ्यासारखी मान कापून घेतलेली नव्हती, तेव्हा तो आकडा मी आपल्या नावावर लावीत नाही. माझा आकडा एवढाच की उन्हाळ्यापासून मी एकदाच पडलो, वाचनालयाच्या पायरीपाशी, आणि रस्त्यावरच्या बाकाला धरून आपला आपण उठलो. घरी येऊन सांगितले तेव्हा सौ.ने आधी विचारले, "कोणता पाय पुढे टाकलात?"

आता नरक चतुर्दशी आली. अभ्यंगस्नान म्हणजे माझ्यासारख्याला सापळाच: पहाटेचा अंधार, अंगाला तेल, फरशीवर तेल, डोळ्यांत साबण. घरात तह झाला आहे. दिवा आधी लागेल. तेल खोलीत खुर्चीवर बसवूनच लावतील, तळपायांना मुळीच नाही. न्हाणीघरात स्टूल, भिंतीला धरायला दांडी, आणि उटणे लावून तेल उतरल्यावर, फरशीवर कोरडा पंचा टाकल्याखेरीज उभे राहायचे नाही. दार लोटलेले राहील, पण कडी लागणार नाही. या शेवटच्या कलमावर मी बराच भांडलो आणि हरलो.

कागद पुन्हा भरला. माझे एकतीस, तिचे चव्वेचाळीस. भाऊबीजेसाठी सांगलीचे तिकीट काढून झाले आहे, दोन रात्रींचा मुक्काम. काढण्याआधी तिने दिवाणखान्यात सतरंजी पसरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "झोपा बघू आडवे. आणि उठून दाखवा. मी एक अक्षर बोलणार नाही."

मी उठलो. ती बोलली नाही असे मात्र नाही.