लळा लागला, लस घेतली का?

उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातला 22 वर्षांचा एक राज्यस्तरीय कबड्डीपटू 2025 च्या जूनमध्ये रेबीजने गेला. त्याच्यावर कोणत्याही कुत्र्याने हल्ला केला नव्हता. नाल्यात पडलेले पिल्लू तो बाहेर काढत होता आणि त्या पिलाचा दात त्याच्या बोटाला लागला. खेळाडूला असे लागणे-खरचटणे रोजचेच. त्यामुळे त्याने लस घेतली नाही. पुढे लक्षणे दिसू लागली तेव्हा वाचवण्यासारखे काहीच उरले नव्हते.

बातमी दूरची असली तरी असे प्रसंग आपल्याकडेही घडतात. निलंग्यासारख्या गावात कुत्रे दत्तक घ्यायला निवारागृहात कोणी क्वचितच जाते. बसस्थानकामागे, शाळेच्या कुंपणापाशी, शेतातल्या आखाड्यावर पिल्लू दिसते आणि घरी येते. लेकरू ते उचलून आणते, आई आधी रागावते आणि मग वाटीत दूध ओतते. पुण्या-हैदराबादला शिकणारी मुले तिथल्या निवारागृहातून कुत्रे घेतात आणि सुटीत गावी आणतात, हेही आता नवे राहिले नाही. पिल्लू कुठलेही असो, बहुधा सर्वांत केविलवाणेच निवडले जाते. बरगड्या दिसणारे, केस झडलेले, डोळ्यांत चिपडे असलेले. दया त्याच्याकडेच वळते, आणि आजार असण्याची शक्यताही त्याच्यातच जास्त असते.

ही दया चांगलीच आहे. तिला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. पण दवाखान्यात एक फरक वारंवार दिसतो. रस्त्यावरचे कुत्रे चावले की माणूस घाबरून लगेच इंजेक्शनसाठी येतो. घरात आणलेल्या पिलाचा दात मात्र कोणी मोजतच नाही. ‘चावले नाही हो डॉक्टर, खेळता खेळता दात लागला.’ ‘आपलेच आहे ते.’ विषाणूला आपले-परके कळत नाही. आजारी पिल्लू घरी आणण्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. मायेपोटी काही जखमा हिशेबातच धरल्या जात नाहीत.

रेबीजचा विषाणू लाळेतून येतो. कुत्र्याच्या शरीरात तो आठवडे, कधी महिने दबून राहू शकतो आणि लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत उतरतो. म्हणून आज शेपटी हलवणारे पिल्लू निरोगीच असेल असे नाही. कुत्र्याला रेबीजची लस साधारणपणे तिसऱ्या महिन्यात देतात. उचलून आणलेले पिल्लू बहुतेक वेळा त्याहून लहान असते, म्हणजे त्याला संरक्षण नसते.

घाबरण्याचेही कारण नाही. कुत्र्याला हात लावला, खाऊ घातले, धडधाकट कातडीवर त्याने चाटले, तर लसीची गरज नसते. रक्त न येता ओरखडा उठला किंवा दातांची किरकोळ खूण पडली, तर लस घ्यायची. रक्त आले, आधीच्या जखमेवर चाटले किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली, तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागते. सर्वांत आधी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवायची. मिरची, चुना, हळद, तेल काही लावायचे नाही. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस कधीच बंद झाली. आता दंडावर चार वेळा टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत आहे. लस सुरू करायची आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. ‘आधी दहा दिवस पाहू, मग ठरवू’ असे करायचे नाही.

आता दुसरी बाजू, दुःखाची. अशी पिले अनेकदा जगत नाहीत. पार्वो नावाचा विषाणू लहान पिलांना गाठतो. आधी खाणे सुटते, मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू गळून पडते. वेळेवर सलाइन आणि उपचार मिळाले तर बरीच वाचतात, न मिळाले तर बहुतेक जातात. दुसरा आजार डिस्टेंपर. त्यात नाका-डोळ्यांतून पाणी येते, ताप आणि खोकला असतो, आणि पुढे झटके येतात. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत. पार्वो अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, डिस्टेंपरला त्याहून जास्त. म्हणजे घरी आणल्यावर दोन-चार दिवसांत पिल्लू आजारी पडले, तर आजार बहुधा त्याच्याबरोबरच आलेला असतो. ‘आपल्या दुधाने गेले’, ‘कोणाची तरी नजर लागली’, ‘मी रात्री उठून पाहायला हवे होते’ असे लेकरू मनात धरून बसते. त्याला हे समजावून सांगणे हाही उपचारच आहे. कुत्र्यासाठी रडणाऱ्या मुलाला हसू नये. त्याच्यासाठी ते घरातले माणूसच गेलेले असते.

पण याच वेळी एक कठोर प्रश्न विचारावा लागतो. पिल्लू कशाने गेले? डिस्टेंपरचे झटके आणि रेबीजची लक्षणे वरवर पाहता सारखीच वाटू शकतात. मेंदूची तपासणी केल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. ‘रेबीजचे नसणार, अंगावर येत नव्हते’ या तर्कातही दम नाही. रेबीजचे कुत्रे नेहमी पिसाळतेच असे नाही. काही नुसती मलूल होतात, त्यांचा जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात काही अडकले असेल म्हणून माणूस तोंडात बोट घालतो, आणि धोका तिथेच असतो.

म्हणून नवे आणलेले पिल्लू दगावले, तर शोक करतानाच घरातल्या प्रत्येकाला विचारा. मुलांना ‘चावले होते का?’ असे विचारू नका. पिल्लू बाहेर सोडतील या भीतीने त्यांनी आधीच काही लपवलेले असते. ‘दात कुठे लागला होता? कुठे चाटले होते? तिथे खरचटले होते का?’ असे शांतपणे, न रागावता विचारा. ज्यांचा असा संपर्क आला असेल त्यांनी त्याच दिवशी रुग्णालयात यावे. पिल्लू पुरल्याने प्रश्न संपत नाही. माणसात रेबीजची लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि लक्षणे दिसल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. त्याआधी घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

बाकीचे धोके लहान, पण माहीत असावेत. केस झडलेल्या पिलाची खरूज माणसाला लागली तर काही दिवस खाज येते. गजकर्ण घरभर पसरते. विष्ठेतल्या जंतांची अंडी मुलांच्या हातावाटे पोटात जातात. लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. घरात तान्हे बाळ, गरोदर बाई, कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा पायाला जखम असलेले मधुमेही असतील, तर आजारी कुत्रे आणण्याआधी थांबून विचार करावा.

आणायचेच ठरले तर क्रम पाळा. घरी नेण्याआधी पशुवैद्यकाकडे न्या. तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाना आहे, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिले दोन आठवडे पिल्लू वेगळ्या जागी ठेवा. त्याचे सगळे एकाच मोठ्या माणसाने करावे, मुलांनी लांबूनच पाहावे. माणसाच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या त्याला देऊ नका, त्या कुत्र्याला विष ठरू शकतात. पार्वोने एक पिल्लू गेले असेल, तर लेकराचे रडू थांबावे म्हणून लगेच दुसरे आणू नका. तो विषाणू अंगणात महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. जे नेहमीच कुत्र्यांची सेवा करतात, त्यांनी चावा होण्याआधीच रेबीजची लस घेऊन ठेवावी. मग पुढे चावा झाला तरी दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही.

घरी आणणे हा दयेचा एकच मार्ग नाही. जागेवरच खाऊ घालणे, उपचाराचा खर्च उचलणे, नगरपालिकेकडे लसीकरण आणि नसबंदीचा आग्रह धरणे, हीही दयाच आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, असे 2023 चे केंद्राचे नियम सांगतात. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात प्राणिप्रेमींना दत्तक घेण्यासाठी अर्जाची वाट खुली ठेवली आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. मग घेणाऱ्यावर जबाबदारी असेल, तर देणाऱ्यावरही असली पाहिजे. निवारागृह असो, दत्तक शिबिर असो की एखादा कार्यकर्ता, पिल्लू हातात देताना त्याचा आजार, दिलेल्या लसी आणि कोणाला चावले असल्यास तेही कागदावर लिहून दिले पाहिजे. ‘थोडे अशक्त आहे, खाऊ-पिऊ घातले की सुधारेल’ एवढे सांगून पिल्लू सोपवणे बंद व्हायला हवे.

कुत्र्यांमुळे होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवण्याचे देशाचे ध्येय आहे. त्यासाठी रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे लक्ष द्यावेच लागेल, आणि आपल्या ओसरीवर झोपलेल्या पिलाकडेही. या आठवड्यात तुमच्या घरात नवे पिल्लू आले असेल, तर आज संध्याकाळी सगळ्यांचे हात-पाय उजेडात पाहा. एखादा ओरखडा दिसला आणि तो कशाचा हे कोणाला सांगता आले नाही, तर उद्या सकाळी रुग्णालयात या.