घरचे दफ्तर तीन जागी ठेवू या





आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी समाजात घराण्याचा इतिहास शोधण्याची आवड अलीकडे बरीच वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरत आहेत. आजोबांची पत्रे, सनदा, लग्नपत्रिका, जुने फोटो स्कॅन होत आहेत. वंशावळी संगणकावर तयार होत आहेत. आपल्या शाळेतील काही मुलांनी तर आजीशी तासतासभर बोलून ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवले आहे. या सर्वांचे आम्ही मनापासून कौतुक करतो.

पण जमवणे वेगळे आणि जपणे वेगळे. या अंकात जपण्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटते. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या फाईलची एकच प्रत आहे, ती फाईल आपल्याजवळ आहे असे समजू नये. दुसरे असे की, या कामात शाळेने समाजाला हात दिला पाहिजे.

आधी हे काम आपल्यासाठी एवढे महत्त्वाचे का, ते पाहू. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लश्कर शहर झाले. सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई असे कितीतरी लोक शिंद्यांच्या आश्रयाने इकडे आले आणि इथलेच झाले. याला आता दोनशेहून अधिक वर्षे झाली. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला आपल्या घराण्याची माहिती गावात, भावकीत, देवस्थानात विचारता येते. आपल्यापैकी अनेकांचा मूळ गावाशी संबंध तुटून चार-पाच पिढ्या झाल्या. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, चुलत घराणे कुठे गेले, याचा पुरावा कित्येक घरांत एखाद्या पत्रात किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतच उरला आहे. मोडी वाचणारी माणसेही आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यांनी वाचून सांगितलेला मजकूर आपण टाइप करून ठेवला आणि ती फाईलच गेली, तर पुन्हा विचारायला ती माणसे असतीलच असे नाही. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. आमची मराठी टिकली ती घरातल्या अशा पत्रांमुळे आणि माणसांमुळे. म्हणून या कागदांची किंमत आम्ही जाणतो.

आपल्या पूर्वजांना कागद जपण्याचे महत्त्व चांगले ठाऊक होते. पेशव्यांचे दफ्तर कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते आणि ते आजही पुण्यात आहे. नाना फडणीसांचे दफ्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव, घरोघर फिरून कागद मिळवले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने 22 खंड छापले. पुढे 1910 मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आपल्या ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. या सर्वांनी केले काय? एका घरात असलेला कागद छापून शेकडो घरांत पोहोचवला. मूळ कागदाला वाळवी लागली तरी मजकूर वाचला. त्या काळी प्रत करणे किती कष्टाचे होते, याची कल्पना करावी. आज तेच काम काही मिनिटांत होते आणि तरीही आपण ते उद्यावर टाकतो.

संकट सांगून येत नाही. आपल्या महाराज बाड्यावरचेच उदाहरण घ्या. 2010 साली व्हिक्टोरिया मार्केटला आग लागली आणि दुकाने जळून गेली. इमारत पुन्हा उभी राहिली, पण जळालेली वही कोणी पुन्हा लिहून देऊ शकत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या असंख्य घरांतले सामान, त्यासोबत कागदपत्रे, पाण्यात गेली. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला करून ग्रंथांची नासधूस केली. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागून सरकारी फायली जळाल्या. ऑगस्ट 2021 मध्ये श्योपूर, शिवपुरी, दतियाकडे पूर आला तेव्हा आपल्या नातेवाइकांच्या घरांत पाणी शिरल्याचे अनेकांना आठवत असेल. मोठमोठ्या संस्थांवर असा प्रसंग येतो, तर आपल्या घरातल्या एका लाकडी कपाटाची काय कथा!

कोणी म्हणेल, म्हणूनच तर आम्ही सर्व काही संगणकावर टाकले. इथेच थोडे थांबून विचार करावा लागतो. संगणकावरची फाईल कागदापेक्षा टिकाऊ असते, हा मोठा गैरसमज आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद आजही वाचता येतो. वीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज घालायची कशात? इंग्लंडमध्ये 1086 सालची ‘डूम्सडे बुक’ ही पाहणीवही आजही वाचता येते. तिला 900 वर्षे झाली म्हणून 1986 मध्ये बीबीसीने तशीच नवी पाहणी लेसर डिस्कवर केली. थोड्याच वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती माहिती वाचवण्यासाठी तज्ज्ञांना खास प्रयत्न करावे लागले.

आपल्याकडची अडचण आणखी निराळी आहे. पूर्वी अनेकांनी वंशावळी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केल्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडली की ‘गणेश’च्या जागी भलतीच अक्षरे दिसतात. फाईल असून नसल्यासारखी! अशा फायली आजच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. बदलल्यावर त्या एकदा वाचून तपासाव्यात, कारण जोडाक्षरे बिघडण्याची शक्यता असते.

सीडीवरचा थर उन्हाने आणि दमटपणाने खराब होतो. आपल्या ग्वाल्हेरचा उन्हाळा तर सर्वांना माहीतच आहे. पेन ड्राईव्ह ने-आण करण्यासाठी ठीक, वर्षानुवर्षे साठवून ठेवण्यासाठी नव्हे. हार्ड डिस्क एकदा हातातून पडली की संपली. आमच्या ओळखीच्या एका पालकांनी आठ वर्षे खपून जमवलेली माहिती अशाच एका डिस्कवर होती. ती टेबलावरून पडली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरे काय!

इंटरनेटवरच्या जागांचेही तसेच. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले, याहू ग्रुप्स 2020 मध्ये बंद झाले. त्यांवर फोटो आणि आठवणी ठेवून निश्चिंत झालेल्या लोकांना धावपळ करावी लागली. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून अमलात आणले आहे. आजोबांनी सर्व फोटो आपल्या खात्यात ठेवले आणि त्यांच्या पश्चात पासवर्ड कोणालाच माहीत नाही, तर ते फोटो कोणाचे राहिले?

मग करावे काय? जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. म्हणजे एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी पुण्याच्या मावशीकडे किंवा इंदूरच्या काकांकडे. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवली तरी चालेल, पण त्याचा पासवर्ड घरातल्या दोन माणसांना माहीत असावा.

यात एक फरक नीट समजून घ्यावा. मोबाईल आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असतील, तर मोबाईलवर चुकून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही पुसला जाऊ शकतो. त्याला वेगळी प्रत म्हणता येत नाही. तसेच हार्ड डिस्क सतत संगणकाला लावून ठेवू नये. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. अशा वेळी जोडलेली डिस्कही सापडते. काम झाले की डिस्क काढून, कोरड्या जागी, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला म्हणजे प्रत झाली, असेही नाही. फोटो म्हणून पाठवलेले चित्र तिथे लहान केले जाते आणि मोडीची बारीक वळणे पुसट होतात. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. मूळ स्कॅन 600 डीपीआयवर करावा. ए-4 आकाराचे एक रंगीत पान टिफ प्रकारात साधारण 100 एमबी जागा घेते. म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर अशी साडेनऊ हजारांच्या आसपास पाने मावतात. एका घराण्याला एवढी जागा पुष्कळ झाली.

फाईलला नाव देणे हेही एक शास्त्र आहे. ‘नवीन फोटो’, ‘शेवटचे’, ‘शेवटचे खरे’ अशी नावे दिली तर दहा वर्षांनी कोणालाच काही कळणार नाही. नावात आधी वर्ष, मग आडनाव, मग विषय लिहावा. आडनाव एकाच पद्धतीने लिहावे. एकच घराणे मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया. मग शोधणाऱ्याला अर्ध्याच फायली सापडतात. जुन्या कागदावर शक असेल तर तो तसाच लिहून पुढे इसवी सन द्यावा. शकात साधारण 78 मिळवले की इसवी सन येतो. शके 1732 म्हणजे 1810. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण नावे बहुधा तिथेच लिहिलेली असतात. आणि हे कोणी सांगितले, कधी सांगितले, याची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.

वंशावळ मात्र कागदावरही छापून ठेवावी. तिला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. मूळ कागद तर कधीही टाकून देऊ नयेत. स्कॅन झाले म्हणून रद्दीत घातलेल्या पत्रासारखे दुसरे नुकसान नाही.

बाहेरच्या जगात हे काम किती गांभीर्याने होते, तेही पाहण्यासारखे आहे. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या बह्यांची छायाचित्रे अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका संस्थेने घेतली आहेत. सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात कोरलेल्या भुयारात ती संस्था आपल्या मायक्रोफिल्म ठेवते. आपल्या पूर्वजांच्या नावांसाठी परके लोक एवढे करतात, तर आपण निदान दुसरी डिस्क तरी घ्यावी!

आता शाळेविषयी. हे शाळेचे काम आहे का, असा प्रश्न काही जण विचारतील आणि तो रास्त आहे. शाळेचे पहिले काम शिकवणे हेच. परंतु इतिहास, मराठी आणि संगणक हे तीनही विषय एका कामात शिकवता येत असतील, तर ते काम शाळेबाहेरचे कसे म्हणावे? नववीच्या विद्यार्थ्याने पणजोबांचे पत्र स्कॅन केले, युनिकोडमध्ये उतरवले, त्याला योग्य नाव दिले आणि तीन जागी ठेवले, तर त्याच्या हातून एक पूर्ण धडा झाला.

विश्वस्त मंडळींपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष दोन तास पालकांसाठी उघडा ठेवावा. दुसरी, संस्थेने दोन मोठ्या हार्ड डिस्क आणि एक चांगला स्कॅनर घ्यावा. एक डिस्क शाळेच्या लोखंडी कपाटात आणि दुसरी शहराबाहेर सुरक्षित ठिकाणी असावी. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला लागतो त्याहून हा खर्च जास्त होणार नाही. तिसरी, दर पाच वर्षांनी या डिस्क बदलण्याची तरतूद आजच करून ठेवावी. एकदा घेतले आणि विसरले, असे झाले तर सर्व व्यर्थ.

घरातल्या गोष्टी बाहेर जातील, ही काळजी काही पालकांनी बोलून दाखवली आहे. ती खरी आहे. प्रत्येक घराण्यात दत्तकविधान, वाटणी, भांडणे अशा नाजूक गोष्टी असतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाचा फोल्डर कुलूपबंद असावा आणि त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कुटुंबाकडेच राहावा. शाळेने ते उघडू नये. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, आधार, बँक यांचे कागद यात मुळीच ठेवू नयेत. मूळ कागद शाळेने ठेवून घेऊ नयेत. स्कॅन करून लगेच परत द्यावेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. खंडेनवमीला आपण हत्यारांची, वह्या-पुस्तकांची पूजा करतो. आता अनेक घरांत संगणकालाही हळदकुंकू लागते. यंदा त्या दिवशी फूल वाहण्याआधी तिन्ही प्रती उघडून पाहा. फाईल उघडते का, फोटो दिसतो का, आजीचा आवाज ऐकू येतो का? उघडून पाहिली नाही, अशा प्रतीचा काही भरवसा नाही. काही बिघडले असेल तर उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी पुन्हा करा. वर्षातून एकदा एवढे केले तरी पुरे.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. येत्या सुट्टीत प्रत्येक घरात निदान एक दुसरी प्रत तयार व्हावी, आणि विश्वस्त मंडळींनी पुढच्या सभेत वरील सूचनांचा विचार करावा, ही आमची विनंती. पालकांनी आपली मते चिठ्ठीने किंवा समक्ष येऊन शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावीत.

— मुख्याध्यापक