पाण्याखालचें मौन

थळच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर खांदेरी व उंदेरी हीं जोडबेटें दिसतात. शिवछत्रपतींनीं १६७९ सालीं खांदेरीवर तट उभारावयास आरंभ केला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं जहाजें पाठवून त्या कामास अडथळा केला. परंतु मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीं त्यांस चुकवून बेटावर रसद पोंचवीतच राहिल्या. त्या काळच्या युद्धांत शिडें दिसत, तोफांचा धूर दिसे. आपलीं माणसें कोठें झुंजत आहेत हें किनाऱ्यावरून कळण्याजोगें होतें.

याच खांदेरीचें नांव पुढें भारतीय नौदलानें एका पाणबुडीस दिलें. ती १९६८ सालीं सेवेंत आली व १९८९ सालीं निवृत्त झाली. त्याच नांवाची, माझगांव गोदींत बांधलेली दुसरी पाणबुडी २०१९ सालीं दाखल झाली. नांव ओळखीचें, परंतु युद्धाची तऱ्हा अगदीं निराळी. पाणबुडीचें सर्व सामर्थ्य लपून राहण्यांत असतें. तिनें संदेश धाडला कीं ठिकाण शत्रूस उमगण्याचा संभव. म्हणून ती दिवसच्या दिवस अबोल राहते. हें मौन युद्धनीतीस सोयीचें खरें. पण घरीं वाट पाहणाऱ्यांस त्याचा अर्थ कसा लागावा? सुखरूप असलेली पाणबुडी गप्प, आणि बुडालेलीही गप्पच!

१९७१ च्या युद्धांतील ‘गाझी’ची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ही मूळची अमेरिकन आरमाराची ‘डायाब्लो’. १९६४ सालीं ती पाकिस्तानकडे आली. १९७१ च्या नोव्हेंबरच्या १४ तारखेस ती कराचीहून निघाली. आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हें तिचें लक्ष्य होतें. व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनीं ‘विक्रांत’ अंदमानाकडे धाडून, ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असा शत्रूचा समज व्हावा, अशी तजवीज केली. ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेवरून तसे खोटे संदेशही पाठविले. ३ डिसेंबरची मध्यरात्र उलटतांच विशाखापट्टणमजवळ समुद्रांत प्रचंड स्फोट झाला आणि ‘गाझी’ तळाशीं गेली. ‘राजपूत’नें पाण्यांत सोडलेल्या स्फोटकांनीं ती बुडाली असें भारतीय नौदल सांगतें, तिच्यांतच, किंवा तिनें पेरलेल्या सुरुंगांमुळें स्फोट झाला असें पाकिस्तान म्हणतें. कारण कांहींही असो, तींतील ९३ जणांपैकीं एकही परतला नाहीं. पाण्यावर तरंगणारें तेल व सामान तेथील मासेमारांच्या दृष्टीस पडलें.

भारत सरकारनें ही वार्ता ९ डिसेंबरला प्रसिद्ध केली. त्याच दिवशीं रात्रीं दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनें आपली ‘खुकरी’ बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं जहाज सोडलें नाहीं. इकडे विजयाची वार्ता पसरत होती, आणि तिच्या पाठोपाठच आपल्याही घरांवर तोच घाला पडला.

कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो. त्या दिवशीं घरांतील वडील मंडळींनीं मुलांस जवळ बसवून ‘विक्रांत’ कशी वांचली तें अवश्य सांगावें. कृष्णन यांची युक्ति अभिमानानें सांगावी. मात्र ‘गाझी’ बुडाली, एवढ्यावर गोष्ट संपवूं नये, अशी आमची विनंति आहे. तीत ९३ माणसें होतीं व त्यांचीही वाट पाहणारें कोणी होतें, हें त्यांस कळूं द्यावें. ‘खुकरी’च्या स्मरणानें ज्यांचा कंठ दाटतो त्यांस हें पटण्यास कठीण नाहीं. शत्रूच्या मृतांविषयीं हळहळल्यानें देशाभिमान उणा होत नाहीं. एखादें मूल विचारील, “त्यांच्या घरीं हें कोणीं सांगितलें असेल?” त्या प्रश्नावर त्यास गप्प बसवूं नये.